विरजण कुणाकडचं?

काल रात्री फ्रिज उघडला तर दह्याचा डबा पार रिकामा, चमचाभर पण उरलं नव्हतं, आणि इकडे मी दूध तापवून कोमट करून बसलेली. मग नेहमीसारखं लेकीच्या हातात वाटी दिली आणि म्हटलं जा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून थोडं विरजण घेऊन ये. ती गेली ती दहा मिनिटं तिकडेच, काकूंनी तिला तिळाची चिक्की दिली, शाळेचं विचारलं, आणि मग वाटी आली. सध्या नागपुरात रात्री चांगलीच थंडी पडून राहिली आहे म्हणून गंज, म्हणजे दुधाचं पातेलं, पिठाच्या डब्यात ठेवला, वरून जुनी शाल गुंडाळली, तेव्हा कुठे सकाळी दही लागलं, सुरीने कापावं असं. मे महिन्यात हेच दूध चार तासांत लागतं आणि दुपारपर्यंत आंबट होऊन जातं, ४५ डिग्रीत दुसरं काय होणार.

आता हे विरजण काकूंचं म्हणायचं का, तर तसंही नाही. नऊ वर्षांपूर्वी मानेवाड्याला राहायला आलो तेव्हा मी महाल भागातून आईकडचं विरजण स्टीलच्या छोट्या डब्यात आणलं होतं, गाडीवर मांडीत धरून. मग एकदा काकू दोन महिने लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून नेलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी काकूंकडून नेलं. मी गावाला गेले, माझं संपलं, मी वहिनींकडून आणलं. म्हणजे आईच्या घरचं दही तीन स्वयंपाकघरांतून फिरून माझ्याकडे परत येतं आणि प्रत्येक वेळी चव थोडी निराळी असते, काकूंचं जरा गोडसर, वहिनींचं घट्ट, कारण त्या म्हशीचं दूध घेतात. आणि वाटी कोणी कोणाला रिकामी परत करत नाही हे तर आपल्याकडे सांगावं पण लागत नाही. साखर तरी घालून देतात, नाहीतर दोन फळं.

ही वाटी बघूनच मला भुलाबाईचं आठवलं, जे लिहायचं लिहायचं म्हणून दोन वर्षं राहून गेलं आहे. आज लिहूनच टाकते.

भुलाबाई म्हणजे काय हे विदर्भातल्या आणि खानदेशातल्या बायकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात. तिकडे पुण्याकडे भोंडला असतो, हादगा असतो, तसं आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसवतात. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे पार्वती आणि शंकर, मातीची जोडी, मांडीवर गणपती. पोरी रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा बंद. घरची बाई तो हलवून दाखवते आणि पोरी आवाजावरून ओळखतात. खडखड वाजलं तर फुटाणे नाहीतर फल्लीदाणे, सरसर वाजलं तर मुरमुरे, आणि वाजलंच नाही तर शिरा, चिवडा तर लगेच कळतो. माझी आई हुशारी करायची, पेढ्यांच्या डब्यात दोन सुपाऱ्या टाकून हलवायची आणि आम्ही अर्धा तास सुपारीवरच अडकून बसायचो.

तर दोन वर्षांपूर्वी माझी लेक चौथीत होती, आणि मला एकदम वाटलं की हिला यातलं काहीच माहीत नाही. बिल्डिंगमध्ये सात-आठ पोरी आहेत, सगळ्या संध्याकाळी खाली सायकल चालवतात, एकत्र एक गाणं म्हणून येत नाही. मूर्ती मिळतात त्या चितारओळीत जाऊन भुलाबाई घेऊन आले. घरी आणून पाटावर मांडली, आणि मग लक्षात आलं की मला स्वतःला गाणी अर्धीच येतात. चाल पूर्ण आठवते, टिपरी कुठे वाजते ते हाताला आठवतं, शब्द मात्र दुसऱ्या कडव्यानंतर गायब.

मी बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, की ज्यांना भुलाबाईची गाणी येतात त्यांनी प्लीज पाठवा, लिहून नाही जमलं तर म्हणून पाठवा. एरवी त्या ग्रुपवर पाण्याची टाकी आणि पार्किंग सोडून विषय नसतो. त्या दिवशी रात्री साडेनऊ ते साडेअकरा नुसते व्हॉइस मेसेज. मागे कुकरची शिट्टी, कुणाचा नातू रडून राहिला, कुणाचा टीव्ही चालू, आणि पुढे साठीतल्या बायकांचे आवाज, सुरुवातीला लाजत लाजत आणि दुसऱ्या कडव्याला एकदम मोकळे. मी हेडफोन लावून एकेक ऐकत बसले होते. काकूंनी तर सात पाठवले. मधेच थांबून म्हणतात, "थांब ग, इथे आमच्या अमरावतीला वेगळं म्हणत होते, ते पण सांगते."

आणि खरंच सगळं वेगळं होतं. तेच गाणं, तीच चाल, पण एकीच्या गाण्यात सासर अमरावतीचं, दुसरीच्या गाण्यात काटोलचं. एकीकडे सून रुसली की मनवायला पहिले सासू जाते, दुसरीकडे सासरा. एकीच्या माहेरी भाऊ घोडा आणतो, एकीच्या माहेरी बैलगाडी. एक ताई तर म्हणाल्या की आम्ही लहानपणी त्यात हिरोचं नाव घालायचो, आई ओरडायची, तरी घालायचो. आधी मी बसून बरोबर कुठलं ते शोधत होते, दोन रात्री त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी कळलं की बरोबर असं यात काही नाहीच. जिच्या अंगणात गाणं गेलं तिने आपलं गाव, आपली सासू, आपला भाऊ त्यात घातला आणि पुढे दिलं. शंभर वर्षांत किती अंगणं झाली असतील.

एक गाणं मात्र कुणालाच पूर्ण येत नव्हतं. मला ते खूप हवं होतं कारण माझी आजी ते म्हणायची. भुलाबाईला माहेरी न्यायला एकामागून एक माणसं येतात आणि ती प्रत्येकाला काहीतरी कारण सांगून परत पाठवते असं ते गाणं, आणि शेवटी कोण येतं आणि ती जाते, तेच आठवेना. मोठ्या ताईला फोन केला, तिला तिथपर्यंतच येतं. मावसबहिणीला केला, तिलाही तिथपर्यंतच. शाळेतल्या मैत्रिणींना विचारलं, सगळ्या त्याच ओळीवर अडकलेल्या! अर्थात अडकणारच, आम्ही सगळ्या एकाच वाड्याच्या अंगणात एकाच आजीकडून शिकलो होतो, जे माझ्याकडून निसटलं ते सगळ्यांकडूनच निसटलं.

आणि ते सापडलं कुठे, तर सक्करदऱ्याला मी ब्लाऊज शिवायला टाकते त्या ताईंकडे. वर्षातून तीनदा चारदा भेट होते, तीही पाच मिनिटांची, माप आणि तारीख एवढंच बोलणं. पैसे देता देता सहज विषय निघाला तर त्या म्हणाल्या थांबा, माझ्या सासूबाई हिंगणघाटकडच्या आहेत, त्यांना विचारते. आत गेल्या आणि आतून आजी आल्या, ऐंशीच्या तरी असतील, मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मले पुरं येते व ते. पण आता आवाज नाही राहिला." आणि पूर्ण म्हटलं. शेवटी न्यायला कोण येतं, तर कोणीच येत नाही. भुलाबाई स्वतःच उठते, पदर खोचते आणि निघते. मी त्या दुकानात उभी राहून रडले, खरं सांगते.

माझी बहीण समाजशास्त्र शिकवते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली अगं यावर तर एक गाजलेला पेपर आहे, मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन माणसाचा, १९७३ चा. त्याने बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की नोकरीबद्दल ज्या ओळखीच्या माणसाकडून कळलं त्याला तुम्ही त्या काळात कितीदा भेटत होतात. नेहमी भेटणारे निघाले १७ टक्क्यांच्या आसपास. कधीमधी भेटणारे ५५-५६ टक्के, आणि क्वचित भेटणारे २८ टक्के. म्हणजे जवळच्यांकडे मदत करायची इच्छा खूप असते पण त्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही बहुतेक आधीच माहीत असतं, आणि नवीन गोष्ट येते ती शिवणाऱ्या ताईंसारख्या लांबच्या धाग्यावरून. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, बँकेच्या रांगेत पुढच्या बाईशी जे दोन मिनिटं बोलतो ना, आमच्या नागपुरात तर जरा जास्तच बोलतो, ते वाया जात नसतं.

आता जे चुकलं ते लिहिते, कारण खरं तर त्यासाठीच ही पोस्ट लिहून राहिले आहे.

मी सगळी गाणी टाइप केली. एकवीस झाली. प्रत्येकाची जी ओळ मला आवडली ती घेतली, काकूंच्या गाण्यातलं दुसरं कडवं आणि वहिनींच्या गाण्यातलं तिसरं असं जोडून छान वाचता येईल असं केलं, लेकीने कडेला टिपऱ्या आणि कणसं काढली, आणि पीडीएफ बनवली. वर लिहिलं 'भुलाबाईची गाणी' आणि खाली संकलन म्हणून माझं नाव. फक्त माझं. मनात काही वाईट नव्हतं, टाइप मी केलं होतं म्हणून नाव टाकलं, इतका साधा विचार. ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी हात जोडलेले, फुलं, अंगठे पाठवले. दोन दिवसांत ती माझ्या नणंदेच्या ग्रुपवरून फिरून परत माझ्याकडेच आली आणि कुणीतरी खालचं पान कापलेलं, त्यावर माझंही नाव नाही. मला राग आला. एवढी मेहनत केली आणि नाव कापतात म्हणजे काय. संध्याकाळी मी हेच काकूंना सांगत होते त्यांच्या ओट्याशी उभी राहून. त्या सांबार निवडत होत्या. बाहेरच्यांसाठी सांगते, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, काड्या एकीकडे पानं एकीकडे करत राहिल्या आणि वर न बघता एवढंच म्हणाल्या, "हो, वाईट तर वाटते बाई."

मला जिना उतरताना कळलं त्या काय म्हणाल्या ते.

रात्री झोप आली नाही. सात मेसेज पाठवले होते त्या बाईने. चौदा वर्षांची असताना आई गेली आणि आईची म्हणून एवढी गाणीच राहिली हे त्यांनी मला सहाव्या मेसेजमध्ये सांगितलं होतं, आणि मी त्यातली ओळ उचलली, दुसऱ्या ओळीला शिवली आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. नाव कापणारा तो अनोळखी माणूस आणि मी यात त्या रात्री मला फार फरक दिसेना.

तेव्हापासून मी याचा विचार करते आहे. अभंगाचं बघा, शेवटच्या ओळीत 'तुका म्हणे' असतं, 'दासी जनी' असतं, गाणारा कुठलाही असो, ते नाव गाण्यात विणलेलंच आहे, काढताच येत नाही. पण जात्यावरच्या ओव्या, भुलाबाई, ही जी बायकांची गाणी आहेत त्यात नाव ठेवायला जागाच नाही. ते नाव बाजूच्या बोलण्यात असायचं. "हे आमच्या मोठ्या आईचं", "हे वर्ध्याच्या मावशीकडून आलं" असं म्हणूनच गाणं सुरू व्हायचं. काकूंच्या व्हॉइस मेसेजमध्ये पण ते होतं, प्रत्येक गाण्याआधी. मी टाइप करताना नेमकं तेच गाळलं, मला वाटलं हे काय गाण्यात नाही.

माझा भाचा कम्प्युटरचा आहे, त्याने मला विकिपीडियाचं दाखवलं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, मी रोज वाचते, पण वर 'इतिहास पहा' असं लिहिलेलं असतं तिथे कधी बोट लावलं नव्हतं. तिथे प्रत्येक बदल कुणी केला, कुठल्या तारखेला, किती वाजता, सगळं राहतं, स्वल्पविराम टाकला तरी राहतं. आणि त्यांची परवाना पद्धत आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणतात, त्यात विकिपीडियाने जो घेतला आहे त्याचा अर्थ असा की वापरा, बदला, विका सुद्धा, पण कुणाचं आहे ते सांगा आणि तुम्ही जे बनवाल ते पण याच अटीवर पुढच्याला द्या. भाचा समजावत होता आणि मला पूर्ण वेळ दह्याची वाटी दिसत होती. घे, तुझ्या दुधात लाव, पण उद्या कोणी मागायला आलं तर त्यालाही दे.

उसनं घेणं मला अजिबात कमीपणाचं वाटत नाही, उलट आमचं अख्खं नागपूर त्यावर उभं आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी एकाच ऑफिसात, एकाच चहाच्या टपरीवर बोलल्या जायच्या, त्यातून आमचं 'करून राहिला', 'येऊन राहिली' आलं. पुण्यामुंबईचे लोक हसतात त्याला. मला ते फार गोड वाटतं, दोन भाषांनी शेजारधर्म पाळला त्याची ती खूण आहे. तर्री पोहे घ्या. पोहे सगळ्या महाराष्ट्राचे, त्यावर चण्याची झणझणीत तर्री ओतली आणि कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी लोक प्लेट घेऊन उभे. सावजी मसाला हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला, आज गावोगाव हॉटेलांवर ती पाटी असते. इथे मात्र मला दरवेळी वाटतं की पाटीवर सावजी लिहितात तर हातमागासमोर दिवसभर बसणाऱ्या त्या घरांबद्दल पण कुणीतरी पोरांना सांगावं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत म्हणजे मोठा पुतळा निघतो, एक काळी आणि एक पिवळी, तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे, ते पण पुतळेच. बडगा कधी एकट्याचा नसतो. बांबू कुणाचा, जुने कपडे कुणाचे, रद्दी कुणाची, तोंड रंगवणारा एक, बोर्डावरचं वाक्य सुचवणारा दुसराच आणि ओढणारी पन्नास पोट्टी. यंदा कशाचा बडगा करायचा ते पेपरातून उचलतात, मागच्या वर्षीचा सांगाडा काढतात, 'घेऊन जा गे मारबत' मात्र तेच, आमच्या आजोबांच्या वेळचं.

असो. पीडीएफ मी ग्रुपवरून काढली आणि काकूंकडे गेले. माफी मागितली, त्यांनी हात झटकला, चहा ठेवला, आणि चहा पिता पिता म्हणाल्या लिही मग आता नीट, माझ्या आईचं नाव लिही, माझं नको. मग परत सुरुवात केली, या वेळी एकटीने नाही. वहिनींनी सगळे व्हॉइस मेसेज पहिल्यापासून ऐकून कोणतं कडवं कुणाचं त्याची वही केली, बारीक अक्षरात, रेघा मारून. दुसऱ्या विंगमधल्या एक ताई प्रूफ वाचायच्या, त्यांची दुपारची ड्युटी असते म्हणून सकाळी. जोडलेली कडवी मी सगळी सोडवली, प्रत्येक गाणं जिच्याकडून आलं तिचं तसंच ठेवलं, चार-चार पाठ झाले एका गाण्याचे तरी चालतील म्हटलं. प्रत्येकाच्या वर एक ओळ, हे गाणं कुणाकडून, कुठल्या गावचं, त्यांना कुणी शिकवलं. एकवीस गाण्यांची सत्तेचाळीस झाली. आणि त्या वरच्या ओळी बायका गाण्यांपेक्षा जास्त वाचतात हे मी बघितलं आहे, कुणाची तरी आजी, कुणाची तरी आत्या, एकेका ओळीत.

यंदा कोजागिरीला गच्चीवर केलं. ज्वारीचे धांडे आणून मखर उभं केलं, ते काम पोरांच्या बाबांचं, दोरीवरून दोन वेळा भांडण झालं आणि मग एका काकांनी गाठ मारून दाखवली. खिरापत प्रत्येक घराची, आधी ठरवायचं नाही असं ठरलं होतं त्यामुळे तीन घरून पुडाच्या वड्या आल्या, सगळ्या संपल्या. शिवणाऱ्या ताईंना बोलावलं होतं आणि त्या आजींना घेऊन आल्या, रिक्षाने, चार मजले हळूहळू चढून. पोरींनी आजींचंच गाणं म्हटलं. पण आता पोरींनी त्याला शेवटी एक कडवं लावलं होतं, माझ्या लेकीने आणि पहिल्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीने मिळून, भुलाबाई पदर खोचून निघते खरी पण पायी नाही, वाटेत तिला मेट्रो मिळते आणि ती सीताबर्डीला उतरून माहेरी जाते. मला जरा धास्ती वाटली की आजींना काय वाटेल.

आजी टिपरी मांडीवर वाजवत ऐकत होत्या. संपल्यावर माझ्या लेकीला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "हे मागचं आमच्यात नव्हतं व. कोणं केलं?"

लेक म्हणाली, आम्ही दोघींनी.

"मंग नाव सांग दोघींचं," असं म्हणून आजींनी सुनेला पर्समधून कागद काढायला लावला, मोजमाप लिहायची ती लांबट चिठ्ठी असते ना, तीच. हिंगणघाटला पणती आहे, तिला पाठवायचं म्हणे.